गौरव कोणाचा, कशासाठी?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



परीक्षांत उज्ज्वल यश मिळविणाऱ्या मुलामुलींचे कौतुक करण्यासाठी आज आपण जमलो आहोत. या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. ज्यांना पारितोषिके मिळाली त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या यशामागे त्यांचे स्वतःचे कष्ट आहेत, तसेच पोटाला चिमटा घेऊन आईवडिलांनी केलेली तरतूदही आहे. या यशाचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तथापि, अशा प्रसंगी केवळ गोड बोलून खाली बसावे, हे मला प्रशस्त वाटत नाही. कित्येक वर्षे आपण गुण मोजतो आणि गुणांच्या क्रमाने सत्कार करतो. परंतु नवी वस्तू घडविणारा, जुन्या कामात नवी युक्ती काढणारा, प्रयोगशाळेत एकाच प्रश्नाचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरविणारा तरुण आपल्या यादीत कोठे बसतो? त्याच्यासाठी आपल्या वहीत रकानाच नाही. तो असावा, आणि तो कसा असावा, याविषयीचे माझे विचार आपणांपुढे ठेवण्याची मी अनुज्ञा मागतो.

आपला समाज हा धातूवर जगलेला समाज. तांबे ठोकावे, पितळ ओतावे, भांड्याला घाट द्यावा आणि त्यावर मठाराची नक्षी उमटवावी, हा आपल्या घराघरांतील पिढीजात उद्योग. पुण्याच्या तांबट आळीतील हातोडीचा नाद ज्यांनी ऐकला असेल त्यांना मी काय म्हणतो ते निराळे सांगावयास नको. पुढे स्टील आले, ॲल्युमिनियम आले, प्लॅस्टिक आले; घागरी, हंडे आणि बंब माजघरातून माळ्यावर गेले. हातातील काम गेले म्हणून आपण मुलांना शाळेत घातले, आणि ते योग्यच केले. पण त्या गडबडीत आपली अशी समजूत होऊन बसली की, भट्टीजवळची बुद्धी ही हलकी आणि कागदावरची बुद्धी ही श्रेष्ठ. माझे आजचे सारे सांगणे या समजुतीविरुद्ध आहे.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून गाव आहे. तेथे १९७४ साली जमिनीतून काशाच्या चार वस्तू वर आल्या : बैल जोडलेला रथ व त्यात उभा असलेला मनुष्य, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक आहे. इतका धातू वितळविणारा, त्याला साच्यात खेळविणारा आणि बैलाच्या मानेचा डौल त्यात पकडणारा कारागीर कोण होता? त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. मेणाची प्रतिमा करावी, तिच्यावर मातीचे लेप द्यावेत, भाजून मेण काढून टाकावे आणि त्या पोकळीत धातू ओतावा, ही रीत त्यात सांगितली आहे. मेण किती लागले ते तोलून त्यावरून धातू किती घ्यावा, याचे प्रमाणही त्यात आहे. ज्याला घनतेचे गणित कळते त्याला या प्रमाणातील मर्म लगेच कळेल. मेण पाण्याहून किंचित हलके आणि पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठपट जड. म्हणून मेणाच्या वजनावरून पितळेचे वजन अचूक काढता येते. राजाच्या ग्रंथात रीत राहिली, राजाचे नाव राहिले. ज्यांच्या हातांनी ती रीत सिद्ध झाली त्या ओतकाम करणारांचे नाव मात्र राहिले नाही.

तिसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, हे आपल्यातील लहान मूलही जाणते. पण शुद्ध जस्त काढणे फार कठीण. दगडातील जस्त कोळशाच्या साहाय्याने मोकळे करावयास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत ते द्रवरूपात न राहता वाफ होऊन निघते, आणि त्या वाफेला हवा लागली की पुन्हा राख. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे आपल्या देशातील कारागिरांनी यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराची मातीची पात्रे भट्टीत उलटी टांगावयाची, वरून उष्णता द्यावयाची, आणि वाफ नळीवाटे खाली उतरून थंड भांड्यात थिजेल अशी योजना करावयाची. एकेका भट्टीत छत्तीस छत्तीस पात्रे लावलेल्या रचना उत्खननात जशाच्या तशा सापडल्या. हे काम तेथे मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर चालत असे. इंग्लंडात ब्रिस्टल येथे विल्यम चँपियन याने जस्त काढण्याच्या आपल्या रीतीचे पेटंट घेतले ते १७३८ साली. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८८ साली जावरच्या या कामाचा ऐतिहासिक स्थान म्हणून गौरव केला. गौरव झाला, परंतु कोणाचा? चँपियनचे नाव आहे, वर्ष आहे, कागद आहे. जावरच्या भट्टीवाल्याचे नावही नाही आणि वर्षही नाही. आपल्याकडे बुद्धी नव्हती असे नव्हे. ती बुद्धी कोणाची, हे कोणी लिहून ठेवले नाही. बापाने मुलाला कानात सांगितले, आणि ज्या दिवशी मुलगा उरला नाही त्या दिवशी विद्याही उरली नाही.

यातून मला जो बोध होतो तो असा : गौरव म्हणजे शाल, श्रीफळ आणि हार नव्हे. खरा गौरव म्हणजे तीन गोष्टी. करणाऱ्याच्या नावाची व त्याच्या रीतीची नोंद, त्याच्या कृतीची निःपक्षपाती कसोटी, आणि पुढील प्रयोगासाठी साधन. या तिन्ही नसतील तर सत्कार हा घटकाभराचा तमाशा होय.

कोणी म्हणेल, हे जुने वैभव झाले, आजच्या संशोधनाशी आपल्या मेणाच्या साच्याचा काय संबंध? संबंध फार निकटचा आहे. जेट इंजिनात तप्त वायूच्या झोतात फिरणारी टर्बाइनची पाती आजही मेणाच्याच साच्याने ओततात. त्यांवरून वाहणारा वायू पात्याचा धातू ज्या तापमानाला वितळेल त्याहूनही अधिक तापलेला असतो. पात्याच्या पोटातून खेळविलेली हवा आणि अंगावरचा रक्षक लेप यांच्यामुळे पाते टिकते. पण तेवढ्याने भागत नाही. साधा ओतीव धातू असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो, आणि प्रखर उष्णतेत व सततच्या ताणाखाली या कणांच्या सांध्यांशीच तो हळूहळू सरकू लागतो. तेव्हा संशोधकांनी विचार केला की, सांधेच नसतील तर? साच्याच्या बुडाशी मळसूत्रासारखी वळणाची अरुंद वाट ठेवली, साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरविला, आणि त्या वाटेने अनेक कणांपैकी एकच कण वर चढू दिला. अशा रीतीने संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे तयार होते. जगात फारच थोड्या देशांना ही विद्या साधली आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेने ती साध्य करून हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी साठ पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कारखान्याला दिली, ही वार्ता २०२१ सालची.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे साचाच न वापरणे. धातूच्या बारीक भुकटीचा पातळ थर पसरावा, लेसर किरणाने हवा तेवढाच भाग वितळवावा, त्यावर दुसरा थर द्यावा, आणि असे हजारो थर देत वस्तू उभी करावी. ज्या आतल्या वळणवाटा साच्यात कधीही साधल्या नसत्या त्या या रीतीने साधतात. चेन्नईच्या आय. आय. टी. च्या आश्रयाने वाढलेल्या ‘अग्निकुल’ या कंपनीतील तरुणांनी अशा रीतीने एकाच तुकड्यात घडविलेले अग्निबाणाचे इंजिन ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रत्यक्ष उड्डाणात वापरून दाखविले. नळ्या आणि सांधे जोडत बसावयाच्या जागी एकसंध वस्तू! आपल्या आजोबांनी हे पाहिले असते, तर यंत्राकडे पाहून ते दिपले नसते. त्यांनी प्रथम विचारले असते, ‘थर थंड होताना धातू वाकत नाही ना? चीर जात नाही ना?’ आणि खरोखर याच प्रश्नांवर आज जगभर संशोधन चालू आहे. सांगावयाचे ते हे की, आपला व्यवसाय मेलेला नाही. तो प्रयोगशाळेत राहावयास गेला आहे. तेथे जाणाऱ्या आपल्या मुलांना ओळखणे मात्र आपल्याला जमलेले नाही.

आता गुणांविषयी. मी गुणांचा शत्रू नाही. ज्यांच्या नावाने आपण १५ सप्टेंबर हा अभियंता दिन पाळतो, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले. परंतु आज त्यांचे नाव घेतले जाते ते त्या पहिल्या क्रमांकासाठी नव्हे. खडकवासल्याच्या धरणावर त्यांच्या आराखड्याप्रमाणे स्वयंचलित दारे बसली ती १९०३ साली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दारे आपोआप उघडावीत, पाणी उतरले की मिटावीत, आणि धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी साठावे, अशी ती योजना होती. परीक्षेतील यश आणि ही कृती यांच्यामध्ये वीस वर्षांचे अंतर आहे. आपले मंडळ विद्यार्थ्याच्या पाठीवर पहिल्या टोकाला थाप मारते. मधल्या वीस वर्षांत, जेव्हा प्रयोग फसतात, पैसा संपतो आणि घरचे लोक ‘चांगली नोकरी धर’ म्हणून मागे लागतात, तेव्हा त्या तरुणाच्या पाठीशी कोण उभे असते?

पुण्याच्या त्याच महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह बांधला. त्याचे वजन जेमतेम एक किलो. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या अग्निबाणाने तो अवकाशात सोडला. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी हे काम हाती घेतले आणि पुढच्या तुकडीच्या स्वाधीन केले. पहिल्या तुकड्यांतील मुले पदव्या घेऊन केव्हाच बाहेर पडली होती. त्यांच्या गुणपत्रिकेत या कामाला रकाना तो कितीसा असणार? तरीही शिक्षण कशाला म्हणावे, याचे उत्तर त्या एक किलोच्या पेटीत आहे.

देशातील मोठे पुरस्कार कसे दिले जातात तेही पाहा. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ सालापासून दिले जात होते, आणि त्यांना वयाची मर्यादा पंचेचाळीस वर्षांची होती. २०२४ पासून त्याच नावाने तरुण शास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नवी रचना झाली. भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमी तरुण अभियंत्यांसाठी निराळा पुरस्कार देते, आणि विद्यार्थ्यांच्या नावीन्यपूर्ण प्रकल्पांनाही पारितोषिके देते. यांपैकी कोठेही दहावीचे गुण विचारीत नाहीत. विचारतात ते एवढेच : तुम्ही नवीन काय केले, आणि ते खरे कशावरून?

हाताच्या आणि डोक्याच्या विद्येला एकाच पुरस्कारात बसविण्याचा एक जुना दाखला मला येथे आठवतो. आपल्यातील प्रत्येक फिटरला व्हिटवर्थचा आटा ठाऊक आहे. बोल्टच्या आट्यांना १८४१ साली प्रमाण घालून देणारा मँचेस्टरचा हा यंत्रकार सर जोसेफ व्हिटवर्थ पुढे धनवान झाला. १८६८ साली त्याने सालिना शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या देऊ केल्या. अट अशी की, उमेदवाराला गणित व यंत्रशास्त्र यांबरोबर हत्यार चालविता आले पाहिजे. वर्कशॉपमधील मुलगा आणि महाविद्यालयातील मुलगा एकाच परीक्षेला बसावेत, आणि दोघांनीही एकमेकांची विद्या शिकावी, हा त्यामागील हेतू होता. आपल्या समाजात आय. टी. आय. चा मुलगा आणि आय. आय. टी. चा मुलगा हे आज एका सभागृहात बसतात. पण एक व्यासपीठावर येतो आणि दुसरा खुर्च्या लावतो. हे दृश्य आपण बदलले पाहिजे.

हात आणि डोके एकत्र आले म्हणजे काय घडते, आणि त्यानंतर श्रेयाचे काय होते, याचे उदाहरण म्हणजे ‘जयपूर फूट’. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयाशी संबंधित असलेले रामचंद्र शर्मा हे परंपरागत कारागीर घराण्यातील शिल्पी होते. शालेय शिक्षण थोडे, परंतु हात सोन्याचा. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय चालत नाही, त्यावर मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, चिखलात उतरता येत नाही, हे त्यांनी पाहिले. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्याने त्यांनी रबर व लाकूड यांचा असा पाय घडविला की, शेतकरी अनवाणी शेतात जाऊ शकला. ही गोष्ट १९६८ च्या सुमाराची. पुढे लक्षावधी लोक या पायावर उभे राहिले. १९८१ साली डॉ. सेठींना पद्मश्री व मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि ते त्यास सर्वथा पात्र होते. परंतु ज्याच्या हातांतून तो पाय प्रथम उतरला त्या रामचंद्रांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? मी येथे कोणाला दोष देत नाही. पुरस्कार देणारांच्या वहीत कारागिराला रकाना नव्हता, एवढेच मी म्हणतो. परक्यांच्या वहीत तो नसेल तर निदान आपल्या वहीत असावा.

बक्षिसाने दार उघडते, याचा दाखला मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांचा. १८६७ साली जन्मलेल्या या संशोधकाने एका इंग्रजी नियतकालिकाच्या स्पर्धेत आपोआप वजन करणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवून बक्षीस मिळविले, आणि त्या बळावर ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींसारख्यांनी त्यांस हात दिला. छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारे त्यांचे यंत्र हे आपल्याच ओतकामाचे भावंड होय. लोकांनी त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हटले. पण भांडवलासाठी त्यांना आयुष्यभर वणवण करावी लागली, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा अंत झाला. पदवी देणारे पुष्कळ भेटले, पाठीशी राहणारे थोडे. बक्षिसानंतर साधन नसेल तर काय होते, ते या चरित्रातून शिकावे.

आता एक अप्रिय गोष्ट बोलतो. गौरवाला कसोटीची जोड नसेल तर गौरव घातक ठरतो. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, विमानेसुद्धा ठाऊक होती, अशी भाषणे आपण वारंवार ऐकतो आणि टाळ्या वाजवितो. ‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या ग्रंथाचा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली कसून अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. जावरची भट्टी खरी आहे, कारण ती जमिनीतून निघाली, मोजली गेली, तपासली गेली. खोट्या वैभवाला टाळी दिली की खऱ्या वैभवाची किंमत कमी होते. शिवाय आपली मुले हे पाहत असतात. मोजल्यावाचून मोठेपणा मिळतो असे एकदा त्यांना कळले की, ती मोजण्याचे कष्ट कशाला घेतील?

यास्तव माझी मंडळाला अशी सूचना आहे. गुणांची पारितोषिके चालू ठेवावीत. त्यांच्या जोडीला दरवर्षी एक ‘कृतिगौरव’ असावा. वय तीस वर्षांपर्यंत. पदवीची अट नको. कारखान्यातील मुलगा, तंत्रनिकेतनातील मुलगी आणि पीएच. डी. करणारा संशोधक यांनी एकाच पाटावर बसावे. परीक्षकांनी तीनच प्रश्न विचारावेत : अडचण काय होती? तुमच्यापूर्वी कोणी काय केले होते? आणि तुम्ही मोजून काय दाखविता? ज्याने प्रामाणिकपणे प्रयोग केला, तो फसला, आणि का फसला हे ज्याने नीट लिहून ठेवले, त्यालाही या पारितोषिकास पात्र समजावे. कारण त्या लेखाने पुढच्याचे एक वर्ष वाचते. काम अनेकांनी मिळून केले असेल तर सर्वांची नावे लिहावीत. ज्याने केवळ लेथवर भाग काढून दिला त्याचेही.

पारितोषिकाची रक्कम चांदीच्या पदकात न घालता साहित्य, यंत्राचे भाडे, मोजमापाची उपकरणे आणि पेटंटचा खर्च यांसाठी द्यावी. पेटंटविषयी एक सावधगिरीची सूचना येथेच देतो, कारण आपल्या उत्साहाने मुलांचे नुकसान होऊ नये. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे, अर्ज करण्यापूर्वीच शोध प्रसिद्ध झाला तर त्याचे नावीन्य गेले असे सामान्यतः धरले जाते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे काही अपवाद आहेत. आपल्या स्नेहसंमेलनाच्या किंवा स्मरणिकेच्या भरवशावर त्यांत बसण्याची आशा कोणी धरू नये. म्हणून क्रम असा असावा : आधी अर्ज, मग सत्कार, त्यानंतर स्मरणिकेत छायाचित्र. सर्व तपशील सिद्ध नसेल तर तात्पुरते विवरणपत्र दाखल करून बारा महिन्यांत पूर्ण विवरणपत्र देता येते. आणखी एक गोष्ट. वाडवडिलांपासून चालत आलेली रीत जशीच्या तशी पेटंटला चालत नाही. तिच्यात तुम्ही खरी नवी भर घातली पाहिजे. अर्जापासून वीस वर्षे हक्क मिळतो, आणि त्याच्या बदल्यात आपली रीत जगापुढे संपूर्ण लिहून ठेवावी लागते. म्हणजे जावरला जे राहून गेले, ते नाव आणि ती रीत, दोन्ही येथे राहतात.

भगिनींविषयी दोन शब्द. आपल्या घरांत भट्टीचा भाता स्त्रियांनी ओढला, भांडी त्यांनी उजळली. दुकानाच्या पाटीवर नाव मात्र ‘आणि मुलगे’ असे. १९४३ साली मद्रासजवळच्या गिंडी येथील महाविद्यालयातून अ. ललिता या विद्युत् अभियंत्या होऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्या एका लहान मुलीची विधवा माता होत्या. त्यांच्या वडिलांनी त्यांना घरात बसविले नाही. आपल्या समाजातील पित्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

शेवटी ज्या प्रश्नावर आपल्यात मतभेद होईल तो टाळून मी खाली बसणार नाही. माझे मत असे की, हा कृतिगौरव ज्ञातीपुरता मर्यादित ठेवू नये. देणगीदार म्हणतील, ‘पैसा आमचा, मग बाहेरच्याला का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला रास्त उत्तर दिले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली, आणि त्या धर्तीवर ज्ञातिसंस्थांनी गरीब मुलांना आसरा दिला. ज्याला दार बंद होते त्याला दार उघडावे, हा त्या काळी ज्ञातिसंस्थांचा धर्म होता. शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह यांत ज्ञातीतील गरिबाचा पहिला हक्क आहे, आणि त्याला मी हात लावू इच्छीत नाही. परंतु शोधाची गोष्ट निराळी. धातू कोणाच्या हातून ओतला गेला हे धातू विचारीत नाही. तो फक्त उष्णता बरोबर होती की नाही, एवढेच पाहतो. आपल्या मुलांना बरोबरीच्या स्पर्धेत उभे करावयाचे असेल तर स्पर्धा खुली पाहिजे. घरच्या घरी मिळविलेला पहिला क्रमांक त्यांना बाहेर उपयोगी पडणार नाही. शिवाय आपल्या कारखान्यांत आपल्याबरोबर घाम गाळणारी, निराळ्या ज्ञातीतली मुले काय कमी आपली आहेत? त्यांनी काढलेल्या युक्तीवर आपला धंदा चालतो, आणि बक्षिसाच्या वेळी मात्र आपण त्यांचे आडनाव पाहतो, हे आपल्या पूर्वजांच्या कारागिरीस शोभत नाही. जयपूरचा तो पाय एका शिल्प्याच्या आणि एका डॉक्टरच्या सहकार्याने झाला. दोघांपैकी एक जण जरी ‘हा आमच्यातला नव्हे’ म्हणाला असता, तर लक्षावधी लोक कुबड्यांवर राहिले असते.

माझी सूचना आपण लगेच मान्य करावी असा माझा आग्रह नाही. कार्यकारिणीने तिचा विचार करावा, तीन वर्षांपुरता प्रयोग करून पाहावा, आणि तो फसला तर का फसला हे आपल्याच वहीत लिहून ठेवावे. आज पारितोषिक घेतलेल्या मुलामुलींना मी एवढेच सांगतो : आज आम्ही तुमचे गुण वाचून दाखविले. पुढच्या वेळी येताना तुमच्या हातात तुम्ही घडविलेली एखादी वस्तू असावी, आणि तिच्याविषयी आमच्यातील वृद्धांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तुमच्याजवळ मोजून काढलेले उत्तर असावे.